इंधन-पुनर्घटनाची परिभाषा : एक चिकित्सा

उच्च तापमानावर चालणाऱ्या इंधन-घटांविषयी मराठीत जे थोडेबहुत लेखन होते, त्यात 'रिफॉर्मिंग' या संज्ञेसाठी 'इंधन-सुधारणा' हा पर्याय अधूनमधून योजिलेला आढळतो. परिभाषेचा प्रश्न म्हणजे वैयाकरणांच्या आवडीनिवडीचा प्रश्न, अशी विज्ञानशाखांतील मंडळींची सर्वसाधारण समजूत असते. प्रस्तुत उदाहरणात मात्र शब्द चुकल्यामुळे प्रक्रियेचे आकलनच चुकते, असे आम्हांस वाटते.

मूळ इंग्रजी संज्ञा तैलशुद्धीकरणाच्या व्यवसायात रुळलेली. कमी प्रतीच्या नॅफ्थातील रेणूंची ठेवण पालटून अधिक ऑक्टेन मूल्याचे पेट्रोल तयार करणे, असा तेथे तिचा अर्थ. व्लादिमिर हेन्सेल यांची प्लॅटिनम उत्प्रेरकाची पद्धत १९४९ साली प्रत्यक्ष उत्पादनात आली, ती याच प्रकारची. तेथे द्रव इंधन द्रव इंधनच राहते, केवळ त्याची प्रत वाढते. सबब 'सुधारणा' म्हटल्याने फारसे बिघडत नाही.

बाष्प-प्रक्रियेची गोष्ट सर्वस्वी निराळी. निकेल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात उच्च तापमानास मीथेनचा एक रेणू व वाफेचा एक रेणू यांपासून कार्बन मोनॉक्साइडचा एक व हायड्रोजनचे तीन रेणू निर्माण होतात. ही प्रक्रिया उष्माग्राही असून तीत प्रतिमोल सुमारे २०६ किलोजूल उष्णता शोषली जाते. पुढे त्या कार्बन मोनॉक्साइडचा वाफेशी पुन्हा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजनचा आणखी एक रेणू मिळतो. या टप्प्यात प्रतिमोल सुमारे ४१ किलोजूल परत येतात. एकंदर हायड्रोजन-रेणू चार. त्यांपैकी दोन मीथेनमधून आले आणि दोन पाण्यातून. निम्मा हायड्रोजन पाण्याने पुरविला असता 'इंधन सुधारले' असे म्हणणे म्हणजे पाण्याचा वाटा बुडविणे होय!

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढले. तेव्हापासून, किंबहुना त्याही आधीपासून, आपल्या भाषेत 'सुधारणा' या शब्दास इष्टतेचा अर्थ चिकटलेला आहे. 'सुधारलेले इंधन' असे वाचताच वाचक ते निर्मळ झाले असे गृहीत धरतो. वस्तुतः मीथेनच्या एका रेणूमागे शेवटी कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बाहेर पडतोच. तो सरळ जाळला असता पडला असता तेवढाच. लाभ असेल तर तो घटाच्या वाढीव कार्यक्षमतेचा. इतके स्पष्ट न सांगता हायड्रोजनच्या स्वच्छतेचे गोडवे गाणाऱ्यांना हा शब्द फारच सोयीचा पडतो.

'भंजन' हा शब्दही काही जण सुचवितात. तो तर मुळीच पत्करू नये. वाफ अपुरी पडली म्हणजे तप्त निकेलवर मीथेनचे जे विघटन होते व काजळीसारखा कार्बन साचून उत्प्रेरक निकामी होतो, ते खरे भंजन. ते टाळण्यासाठीच इंधनातील कार्बनच्या दोन ते तीन पट वाफ सोडण्याचा प्रघात आहे. जे घडवावयाचे त्यास, जे टाळावयाचे त्याचे नाव देणे हा विपर्यास होय. 'पुनर्घटन' हा शब्द आम्हांस त्यातल्या त्यात निर्दोष वाटतो. 'इंधन-घटातील पुनर्घटन' हा अनुप्रास कानास खटकतो हे खरे, पण तो सोसण्याजोगा आहे.

'पूर्वसंस्करण' ही संज्ञा सुमारे ८०° से. ला चालणाऱ्या बहुवारिक-पटलाच्या घटास शोभते. तेथे कार्बन मोनॉक्साइडचा दशलक्षांश दहा भाग इतका अंशही प्लॅटिनमला बाधतो, म्हणून वायू बाहेरच तयार व शुद्ध करून आणावा लागतो. सुमारे ६५०° से. ला चालणारा वितळलेल्या कार्बोनेटचा घट आणि ६००° ते १०००° से. या कक्षेतील घन ऑक्साइडचा घट यांत मात्र कार्बन मोनॉक्साइड हे विष नव्हे, तर उपयुक्त इंधन ठरते. शिवाय पुनर्घटन घटाच्या आतच, निकेलयुक्त अग्रावर होऊ शकते : विद्युत्-रासायनिक क्रियेतून निघणारी उष्णता त्यास पुरते, आणि तिच्यातून उत्पन्न झालेली वाफही कामी येते. येथे 'पूर्व' कोणते आणि 'पश्चात्' कोणते? तथापि निकेलवर हे पुनर्घटन इतके त्वरेने होते की वायूच्या प्रवेशाजवळचा भाग थंड पडतो, आणि तापमानातील या फरकाने घन ऑक्साइड घटाचे मृत्तिकाद्रव्य तडकण्याची भीती असते. यास्तव काही वायू आधी बाहेरच्या पात्रातून नेतात; तेवढ्यापुरते 'पूर्व-पुनर्घटन' म्हणावे. गंधक काढून टाकणे हे मात्र दोन्हीकडे अपरिहार्य आहे.

आता 'अग्र' शब्द आलाच आहे. फॅरडे यांनी १८३४ साली ह्यूएल यांच्या सल्ल्याने 'ॲनोड' हा शब्द स्वीकारला, तो धन-ऋणाचा निर्देश टाळूनच. मूळ ग्रीकात त्याचा अर्थ 'वर जाणारी वाट' एवढाच. आपण त्यास 'धनाग्र' म्हणून मोकळे झालो. विद्युत्-विच्छेदनात ते जुळते. इंधन-घटात ॲनोड हे ऋण टोक असते! परिणामी 'धनाग्रावर पुनर्घटन होते' असे लिहिणारा विद्यार्थी आकृतीत त्याच ठिकाणी ऋणचिन्ह काढतो आणि गोंधळतो. 'इंधनाग्र' व 'वाताग्र' ही नावे या घटांपुरती योजिल्यास ती अडचण राहणार नाही.