‘ब्लॉक होतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

नेट-सेट किंवा पेटची तयारी करताना ही आकृती तुम्ही पाहिली असेलच: एन्झाइम म्हणजे कुलूप, त्यात अडकलेला विषाचा रेणू आणि वर लाल फुली. खाली ओळ, ‘सरीन असिटिलकोलिनएस्टरेजला ब्लॉक करतो.’ दोन मार्कांपुरतं ठीक आहे. पण संशोधनाला निघालेल्यांनी तिथे थांबू नये, कारण ही आकृती नेमकं रसायनशास्त्रच गाळते.

पहिलं, सरीन तिथे नुसता अडकत नाही. मानवी एन्झाइममधल्या २०३ क्रमांकाच्या सेरीनचा ऑक्सिजन सरीनच्या फॉस्फरसवर हल्ला करतो, फ्लोराइड बाहेर पडतं आणि सहसंयुज बंध तयार होतो. म्हणजे कुलूपच बदलतं.

दुसरं, आकृतीत वेळ नाही. बंध जुळल्यावर फॉस्फरसकडचा एक अल्किल गट हळूहळू तुटतो. याला ‘एजिंग’ म्हणतात. त्याआधी प्रालिडॉक्झिम दिलं तर ते सेरीनला सोडवू शकतं, नंतर नाही. निम्मं एन्झाइम असं एज व्हायला सरीनच्या बाबतीत काही तास लागतात, सोमानच्या बाबतीत मोजकी मिनिटं.

तिसरं, हीच आकृती सगळ्या वायूंना लावतात. मस्टर्ड आधी तीन अणूंचं सल्फोनियम वलय बनवतो, मग प्रथिनांतल्या सिस्टीनला (आणि डीएनएलाही) अल्किल गट जोडतो. लुइसाइटमधलं आर्सेनिक जवळजवळच्या दोन थायॉलना धरतं. म्हणूनच ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांच्या गटाने त्यावर दोन थायॉल असलेला उतारा शोधला, बीएएल.

हे सगळं लांबचं वाटतं? सरीनच्या कुळातला टाबून १९३६ मध्ये गेरहार्ड श्राडर यांना कीटकनाशक शोधतानाच सापडला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तिथे वापरलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉसही होतं. ते सरीनइतकं जहाल नाही, पण हल्ला त्याच सेरीनवर करतं. आपल्या मुखेडच्या शिवारातही पाठीवर पंप घेऊन ‘औषध’ मारतातच. दवाखाना गाठायला उशीर झाला की एजिंग थांबून राहत नाही. आकृतीतून गाळलेली वेळ इथे जिवाशी येते.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना ‘इनहिबिट’ हा शब्द आला की वहीत चार प्रश्न लिहा: कोणता अणू? कोणता बंध? उलटतो का? किती वेळात? पेपरात उत्तरं नसतील, तर तुमच्या सिनॉप्सिसचा विषय कदाचित तिथेच असेल.