‘कैरोस’ निवेदन : समेटाची किंमत

जुलै १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणीबाणी पुकारली गेली. सप्टेंबरात दीडशेवर स्वाक्षऱ्यांनिशी ‘कैरोस’ निवेदन निघाले. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायाआड दडणाऱ्या वर्णद्वेषी सत्तेची त्यात झडती आहेच. पण खरा घाव मंडळीवर आहे. पश्चात्ताप व न्याय यांवाचून समेटाचा उपदेश म्हणजे पीडितांस अन्याय सोसावयास सांगणे, हे त्याचे म्हणणे आम्हांस निर्विवाद वाटते. (असा फुकाचा समेट आपल्या व्यासपीठांवरूनही पुष्कळ वाटला जातो.) शत्रुप्रीतीविषयी मात्र निवेदन घाईने बोलते. जुलूम हटविणे हीच जुलमी माणसावरील सर्वांत मोठी प्रीती, असे ते म्हणते. पण जुलूम हटल्यावर त्याच माणसाशेजारी प्रभुभोजनास बसावयाचे, त्यासाठी मंडळीची मने कशी घडवावी, याचा विचार तेथे आढळत नाही. १९९४ मध्ये ती राजवट संपली, तेव्हा तेथील पाळकांस हे उत्तर स्वतःच शोधावे लागले.