सोळा वह्यांचा मुनीम

चंदगडी बोलीतल्या शब्दांचं पुस्तक ‘लाटेक’ या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुळवत होतो. हौसेपोटी सूच्यांची संख्या अकरावर गेली: गावं, गड, भाताच्या जाती, झाडं, मासे, अवजारं, नाती… अकरावी शिव्यांची. बाहेर चंदगडचा जुलै, वीज गेलेली, बॅटरी 32 टक्क्यांवर. आणि पडद्यावर ओळ आली, ‘नो रूम फॉर अ न्यू राइट’. दहा सूच्या निमूट घेतल्या, शिव्यांनाच जागा नाही!

कारण साधं आहे. लाटेकच्या पोटात डोनाल्ड कनूथ यांचा टेक आहे, आणि टेकला एका वेळी सोळाच फायली लिहायला उघडता येतात, क्रमांक 0 ते 15. लाटेक स्वतःसाठी तीन राखतं. अनुक्रमणिका एक, चित्रांची यादी एक, दुवे जोडणारं पॅकेज, म्हणजे लाटेकची पुरवणी, एक नेतं. उरल्या दहा, आणि प्रत्येक सूचीला एक लागते. पॅकेज कितीही हुशार असो, सतरावी फाइल, म्हणजे सतरावी वही, त्याला मिळत नाही, कारण पॅकेज टेकच्याच भाषेत बोलतं आणि त्या भाषेत सतराव्या वहीला शब्दच नाही.

त्या रात्री चिडून टेकचा मूळ प्रोग्रॅम वाचायला घेतला. तो 1986 साली चक्क पुस्तक म्हणून छापला गेलाय, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत, माणसानं वाचावा असा. फायलीत लिहिण्याची सोय शोधत गेलो, तर ती गाभ्यात नाहीच. शेवटाकडे, 53 व्या भागात आहे, आणि त्या भागाचं नाव आहे ‘विस्तार’. पुढे कुणाला भर घालायची झाली तर ती कशी घालावी, याचा नमुना म्हणून कनूथनी स्वतःचीच एक महत्त्वाची सोय तिथे बसवली. घरमालकानं पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दारातून स्वतः आत यावं, तसं. इथे मी वाचणं थांबवून थोडा वेळ नुसता बसलो.

या विस्तारांसाठी वापरलेल्या गाठोड्याला कनूथ ‘व्हॉट्सिट’ म्हणतात. आपल्याकडे नाव आठवलं नाही की ‘ते हे रे, काय म्हणतात ते’ असं म्हणतो, तेच. त्याचं काम मात्र अजिबात विसराळू नाही. समजा मजकुरात ‘पारगड’ हा गड आला आणि सूचीत त्याचा पानक्रमांक हवा. टेक आधी परिच्छेद जुळवतो, पानभराहून जास्त ओळी गोळा करतो आणि मग पान कुठे तोडायचं ते ठरवतो. ‘पारगड’ वाचताना तो 46 वर पडेल की 47 वर, हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून तो लगेच लिहीत नाही. ओळीत एक चिठ्ठी खोचतो, जिला रुंदी नाही, उंची नाही. ओळ जाईल तिथे चिठ्ठी जाते. काजूच्या कारखान्यात पोत्याला चिठ्ठी बांधतात आणि ट्रक फाटकाबाहेर पडला की मगच मुनीम वहीत नोंद करतो, तसंच. पान बाहेर पडताना चिठ्ठी उघडते, तेव्हाचा पानक्रमांक तीत भरला जातो आणि मगच शाई कागदाला लागते. घाईच असेल तर ‘इमिजिएट’ म्हणून दरडावता येतं. तेव्हा मुनीम लगेच लिहितो, पण तेव्हा पानाच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही.

0 ते 15 च्या बाहेरचे आकडेही गमतीचे. 16 म्हटलं की मजकूर पडद्यावर आणि लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फायलीत, जातो, ऋण आकडा दिला तर फक्त लॉगमध्ये. मागाहून आलेल्यांनी 18 हा रिकामा आकडा पकडून त्यातून संगणकाला थेट हुकूम सोडायची वाट काढली. धोका उघड होता. हल्ली ‘टेक लाइव्ह’ या टेकच्या संचात मोजक्या, यादीतल्या प्रोग्रॅमांनाच त्या वाटेनं सोडतात, आणि फायलीही आपल्या फोल्डरच्या वर लिहू देत नाहीत.

पॅकेजला टेकच्या पलीकडे जाता येत नाही, ही तंगी आपल्या लिपीलाही सोसावी लागली. ‘कि’ लिहिताना वेलांटी मनात नंतर येते आणि कागदावर आधी. अशी उलटापालट पॅकेजच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून 1991 च्या सुमारास फ्रान्स वेल्थुइस यांचा ‘देवनाग’ हा प्रोग्रॅम टेकच्या बाहेर उभा राहिला. आपण रोमनमध्ये लिहायचं, तो ते बदलून टेकच्या तोंडी द्यायचा. पुढे 2004 साली जोनाथन क्यू यांच्या झीटेकनं युनिकोड वाचणारं तोंडच बसवलं, म्हणून मी आज थेट मराठीत लिहितो. वह्या मात्र तिथेही सोळाच.

सोळा हा आकडा मला अजून कंजूषपणाच वाटतो. 0 ते 15 चार बिटांत मावतात, एवढीच त्याची थोरवी. ‘मोअरराइट्स’ नावाचं पॅकेज यावर तोडगा देतं: जास्तीच्या वह्यांचा मजकूर पोटात साठवायचा आणि खऱ्या वहीतून सवडीनं उतरवायचा. युक्ती चोख आहे, पण मी ती घेतली नाही. बॅटरी 9 टक्क्यांवर आली होती. शिव्या नात्यांच्या सूचीतच घातल्या. आमच्याकडच्या निम्म्या तरी नात्यांवरूनच आहेत.