मासा नाही, पण नातं आहे

लुलू मिलरचं ‘व्हाय फिश डोन्ट एक्झिस्ट’ (२०२०) हे पुस्तक एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही. डेव्हिड स्टार जॉर्डन या मत्स्यशास्त्रज्ञाचं चरित्र, लेखिकेची स्वतःची पडझड आणि वर्गीकरणाच्या विज्ञानातली एक उलथापालथ, हे तिन्ही तिने एकत्र विणलंय. तरीही पुस्तक शेवटी जे सांगतं, ते मला पटत नाही.

जॉर्डन हा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष. शेकडो माशांना त्याने शास्त्रीय नावं दिली. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात त्याच्या संग्रहातल्या बरण्या फुटल्या. मासे एकीकडे, नावांच्या चिठ्ठ्या दुसरीकडे. तेव्हा त्याने सुई-दोरा घेऊन चिठ्ठ्या थेट माशांच्या अंगावर शिवायला घेतल्या. मिलरला ही चिकाटी भावते. मग कळतं, की हाच माणूस युजेनिक्सचा, म्हणजे ‘हलक्या’ ठरवलेल्या माणसांना मुलंच होऊ देऊ नयेत या विचाराचा, अमेरिकेतला मोठा प्रचारक होता. १९०७ साली इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. व्हर्जिनियाच्या अशाच कायद्यावर १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्का मारला. अशी नसबंदी झालेल्या एका बाईला मिलर व्हर्जिनियात जाऊन भेटते. पुस्तकातला सर्वांत चांगला भाग तोच.

आता मासा. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली वर्गीकरणाचा एक कडक नियम मांडला. गट करायचा तर एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज घ्या, मधलं कुणी गाळू नका. बाजारातल्या टोपलीला हा नियम लावून बघा. मुशी आणि सुरमई, दोघींना कल्ले आणि पर असतात. पण हा फार जुना वारसा आहे, तो आपल्या पूर्वजांकडेही होता. त्यावरून जवळीक ठरत नाही. मुशीची फांदी आधी वेगळी झाली, सुरमईची आणि आपली त्यानंतर. म्हणजे सुरमई मुशीपेक्षा तुम्हाला जवळची. फुप्फुसमासा तर सुरमईपेक्षा गाईला जवळचा. त्याचा पर अंगाला एकाच सांध्यावर जोडलेला असतो, आपल्या दंडासारखा. ‘मासे’ हा गट पूर्ण करायचा तर त्यात बेडूक, चिमणी, गाय आणि तुम्हीही आलात. तुम्हाला वगळलं, तर गट मोडला.

आमच्या धंद्यात सांगायचं तर, दोन फाइल एकाच फोल्डरमध्ये आहेत म्हणून त्या एकाच कोडमधून निघाल्या असं ठरत नाही. त्यासाठी गिटची हिस्टरी उघडावी लागते. हेनिगने हिस्टरी वाचायला लावली.

मिलर इथून एकदम उडी मारते. मासा खोटा निघाला, म्हणजे निसर्गावर आपण ओढलेल्या सगळ्याच रेघा संशयास्पद. पण हेनिगचा नियम असं म्हणत नाही. त्याच्या मते नाती खरी असतात, शोधता येतात आणि चुकली तर पुराव्याने दुरुस्त होतात. ‘मासा’ बाद झाला तो याच कसोटीवर. कसोटीच नाकारली तर मासा परत येतो आणि त्याच्यामागून जॉर्डनही. निसर्गात क्रम शोधला हा जॉर्डनचा गुन्हा नव्हता. त्याने झाडाची शिडी केली. आज जिवंत असलेली प्रत्येक फांदी सारखाच प्रवास करून इथवर आलीये, तिच्यात वरची-खालची असं काही नाही. डार्विनच्या आधाराने मिलर हे सांगतेही, पण शेवटाकडे ते सोडून ‘नावं टाकून द्या, मोकळे व्हा’ या दिलाशाकडे वळते.

मराठी वाचकाला हे जास्त टोचायला हवं. आंब्याची जात, माशाची जात आणि माणसाची जात, तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे. त्यामुळे माणसाची जातही निसर्गातूनच आल्यासारखी वाटते. जातीचं युजेनिक्सच्या नावाने होणारं समर्थन आंबेडकरांनी १९३६ सालीच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढलं. जाती म्हणजे वेगळे वंश नव्हेत, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे, असं त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. ‘गट काय, सगळे मनाचेच’ असं म्हणून विषय सोडला नाही.

जीवशास्त्रात जातीला आधार नाही म्हणून ती लग्नाच्या बायोडेटातून गेलेली नाही. ‘मासा’ हा शब्द आपण सोडला तर सुरमईचं काही बिघडत नाही. माणसांवर लावलेली चिठ्ठी मात्र कायद्यात, भाड्याच्या घरात, लग्नात शिवलेली असते. व्हर्जिनियातल्या त्या बाईच्या तर शरीरावर तिची खूण राहिली. तिथे ‘हे अस्तित्वातच नाही’ एवढं म्हणून भागत नाही. चिठ्ठी कुणी शिवली ते शोधून टाके उसवावे लागतात.

पुस्तक जरूर वाचा, जॉर्डन आणि ती बाई, दोघांसाठीही. शेवटचा दिलासा मात्र तपासून घ्या.