नातवाला भेटायचं कुठल्या कलमाखाली?



आज वाटूरला बोलताना विषय आम्ही मुद्दाम घरातलाच घेतला आहे. नातवंडांवर आजी-आजोबांचा कायद्यानं हक्क किती? भेटायचा किती आणि जवळ ठेवून घ्यायचा किती? कायद्याच्या पुस्तकावर आणि अलीकडच्या काही निकालांवर आपण आज टीका करणार आहोत. टीका म्हणजे शिव्याशाप नव्हेत. काय बरोबर आहे, काय अपुरं आहे, ते नीट निवडायचं, तांदळातले खडे निवडतो तसं.

आधी आपल्याकडचं चित्र बघू. दसरा-दिवाळी झाली की या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, म्हणून दोघांनाही जावं लागतं. शाळेतलं लेकरू मागं कुणापाशी राहतं? बहुतेक वेळा आजीपाशी. पाच-सहा महिने त्याचा डबा, त्याचा ताप, त्याची शाळा, सगळं तिच्या जिवावर. आता विचारा, या बाईला कायद्यात नाव काय?

नाव नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा. त्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण ते सांगितलं आहे: वडील आणि त्यांच्यानंतर आई. यादी तिथंच संपते. आजी-आजोबांना मग जावं लागतं इंग्रजांच्या काळातल्या पालक आणि पाल्य कायद्याकडे, तो १८९० सालचा. त्यात कलम ८ प्रमाणे कुणीही नातेवाईक, अगदी मित्रसुद्धा अर्ज करू शकतो. म्हणजे आजी दारात उभी राहू शकते. पण शेजारी उभा राहतो त्याच रांगेत. कलम १७ मध्ये ‘नात्याची जवळीक’ बघा असं म्हटलंय, तेवढाच तिला आधार. आणि कलम १९ सांगतं की आई किंवा वडील हयात असतील आणि अपात्र नसतील, तर दुसरा पालक नेमायचाच नाही.

आपल्या शेजारच्या मुसलमान घरांत हनफी परंपरेप्रमाणे लहान लेकराच्या सांभाळाचा क्रम ठरलेला आहे. आई नसेल तर आईची आई, तीही नसेल तर वडिलांची आई. न्यायालय तिथंही लेकराचं हित बघतं, पण निदान आजीचं नाव यादीत आहे. आमच्या १९५६ च्या कायद्याला तेवढंही सुचलं नाही.

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणायचं, पण हसू येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली आला. त्यात ‘मुलं’ या शब्दात नातू आणि नात यांनाही धरलं आहे, फक्त ते सज्ञान हवेत. म्हणजे नातू अठराचा झाला की आजोबा त्याच्याकडे पोटगी मागू शकतात. पण तोच नातू आठ वर्षांचा असताना त्याला डोळे भरून बघायचं म्हटलं, तर तसा हक्क देणारं कलम नाही. कायद्याला नातवाची भाकरी आजोबांच्या ताटात दिसते, आजोबांच्या मांडीवरचा नातू दिसत नाही.

मग निकाल काय सांगतात? २००८ सालचा कोलकात्याकडचा एक निकाल आहे. मुलीच्या मृत्यूबद्दल जावयावर खटला चालू होता आणि नातू आईच्या आई-वडिलांकडे होता. खालच्या न्यायालयांनी ताबा वडिलांना दिला. सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि विचारलं, लेकराला काय वाटतं ते कुणी पाहिलं का? वडिलांवरचा खटला विचारात घेतला का? हा निकाल चांगलाच आहे.

जून २०२२ चा निकाल करोनातल्या पोरक्या मुलाचा. आई-वडील दोघंही २०२१ मध्ये गेले. गुजरात उच्च न्यायालयानं मुलाला मावशीकडे दिलं, कारण ती तरुण, नोकरदार, मोठ्या कुटुंबात राहणारी; आजी-आजोबा म्हातारे, निवृत्त. सर्वोच्च न्यायालयानं ते बदललं. वय आणि उत्पन्न एवढ्यावरून आजी-आजोबा नालायक ठरत नाहीत, असं म्हटलं. इथंही आम्ही टाळी वाजवतो. पण एक खडा निवडावाच लागतो. आजी-आजोबा माया जास्त करतात, हा आपला सगळ्यांचा समज आहे, आणि निकालाचा भार बराचसा त्याच समजावर टाकलेला आहे. माया म्हणजे कायदा नव्हे. उद्या दुसऱ्या न्यायाधीशाला मावशीची माया मोठी वाटली तर?

आणि तसंच होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ७४ वर्षांच्या आजीचं प्रकरण आलं. जुळ्यांपैकी एक लेकरू तिनंच वाढवलं होतं. न्यायालयानं ते पाच वर्षांचं लेकरू वडिलांकडे सोपवायला सांगितलं. नुसत्या जिव्हाळ्यावर जन्मदात्यांपेक्षा वरचढ हक्क मिळत नाही म्हणून. कायद्याच्या अक्षरानं बघितलं तर निकाल चुकला असं म्हणवत नाही. पण पाच वर्षं रात्री उठणाऱ्या बाईला आपण ‘ताबेदार’ म्हणून उभं केलं आणि ‘आजी’ म्हणून विचारायला कायद्यात जागाच नव्हती, हे आम्हाला डाचतं.

आता दुसरी बाजू. तीही इथंच बोलायला पाहिजे, कारण सभेत बायका बसल्यात. समजा, एखाद्या घरात तरुण मुलगा गेला. सून चोवीस-पंचवीस वर्षांची. ती माहेरी निघाली किंवा तिनं दुसरं लग्न ठरवलं, की काय ऐकू येतं? ‘तुला जायचं तर जा, लेकरू आमच्या घराण्याचं आहे, ते ठेव.’ कधी त्यात खरी माया असते. कधी लेकराच्या वाट्याला येणारी जमीन असते. ज्याच्या हातात लेकरू, त्याच्या हातात सातबाऱ्यावरचा तेवढा तुकडा, असा हिशोब. (खरं तर अज्ञान मुलाची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकालाही विकता येत नाही, हे लक्षात ठेवा.) म्हणून आजी-आजोबांचा हक्क वाढवा असं नुसतं म्हणणाऱ्याला आम्ही विचारतो: त्या सुनेचं काय?

जुलै २०२२ चा एक निकाल नेमका यावर आहे. मूल अडीच महिन्यांचं असताना वडील गेले. आईनं दुसरं लग्न केलं. वडिलांच्या आई-वडिलांनी पालकत्व मागितलं. पहिल्या न्यायालयानं पालकत्व नाकारलं, पण मर्यादित भेटीची परवानगी दिली. ते शहाणपणाचं होतं. पुढे भांडण मुलाच्या आडनावावर गेलं, उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात. तिथं ठरलं की वडिलांनंतर आईच नैसर्गिक पालक, आडनाव तिनं ठरवायचं. बरोबरच ठरलं. पण तोवर ते मूल सोळा वर्षांचं झालं होतं.

आमचं सगळं म्हणणं इथं येऊन थांबतं. भेट आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताबा ही जबाबदारी आहे. तिथं आई-बापाचा मान पहिला, ते नसतील किंवा नालायक असतील तरच दुसऱ्याचा. भेट ही लेकराची गरज आहे. ज्या मांडीवर ते वाढलं ती एका दिवसात हिरावली जाऊ नये, ही त्याची गरज. आपल्या कायद्यात भेटीसाठी वेगळं दार नाही. म्हणून ज्यांना महिन्यातून एक रविवार पुरला असता, ते ताब्याच्या दारावर धडका मारतात. सून घाबरते, दार आणखी घट्ट लावते. मधे लेकरू.

भेटीचं दार म्हणजे उघडं वाडा नव्हे, हेही सांगतो. अमेरिकेत सगळ्या राज्यांत आजी-आजोबांच्या भेटीचे कायदे आहेत. वॉशिंग्टन राज्याचा कायदा तर कुणालाही, कधीही अर्ज करू देत होता. तिथं मुलगा गेल्यावर आजी-आजोबांनी नातींची जास्त भेट मागितली. आई भेट नाकारत नव्हती, फक्त महिन्यातून एक छोटी भेट म्हणत होती. २००० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आईच्या बाजूनं निकाल दिला: सक्षम आईच्या निर्णयाला वजन द्यायलाच हवं. आपण तेवढं शिकून दार बांधावं. आपल्या विधी आयोगाच्या २५७ व्या अहवालात, २०१५ साली, आजी-आजोबांसोबतच्या वेळेचा विचार आलेला आहे. त्याचा कायदा झाला नाही.

तोवर काय करायचं? अर्ज जिथं लेकरू नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात करावा लागतो. लेकरू पुण्याला असेल तर वाटूरच्या आजीला पुण्याला जावं लागेल, जालन्याला चालणार नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, म्हणून अर्ज आजीच्या नावानं करा. आणि अर्जात आधी भेट मागा. ताबा खरंच लागत असेल तरच मागा.

त्याच्याही आधी एक करा. सुनेशी बोला. वकिलाच्या नोटिशीनं नाही, तोंडानं. ‘लेकरू तुझंच आहे, आम्हाला फक्त बघू दे,’ हे वाक्य वेळेवर म्हटलं गेलं, तर बरीच प्रकरणं कोर्टाची पायरी चढणार नाहीत.

नातवंडाला आपण दुधावरची साय म्हणतो. साय हवी असेल तर दूध नासवून चालत नाही, एवढं सांगून आम्ही थांबतो. आता प्रश्न विचारा, आणि मागं बसलेल्या बायकांनी आधी विचारा.