माळ ओसाड कुणी म्हटला?

महाराष्ट्राची मानचिन्हे एका ओळीत मांडून पाहावीत. प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, वृक्ष आंबा, फूल ताम्हण. शेकरू जमिनीवर क्वचित उतरते, हरियाल झाडावरच राहतो, आणि ताम्हण तर स्वतःच वृक्ष. राज्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतल्या कोरड्या देशाचा; पण तिथल्या गवताळ माळावरचा एकही जीव या यादीत नाही. यादी करणाऱ्यांनी माळाचा द्वेष केला असेल असे नाही. तो त्यांच्या डोळ्यांसमोर आला नसावा, इतकेच. माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा का झाला, याचा शोध घेताना ऊस, पाणी आणि वीजवाहिन्या यांच्याबरोबर या न दिसण्याचाही हिशेब मांडावा लागतो. तो मांडताना मराठी वाङ्मय आणि त्याची समीक्षा यांना बाजूला ठेवता येत नाही, असे माझे मत आहे.

लोकभाषेला माळ नीट दिसत होता. माळढोक म्हणजे माळावरचा ढोक. तणमोर म्हणजे तणातला मोर. माळटिटवीच्याही नावात तिचा पत्ता आहे. गवतालाही आपण नुसते गवत म्हणत नव्हतो. पवन्या, मारवेल, कुसळी अशी त्याची नावे गुराख्यांना आणि मेंढक्यांना पाठ असत. देशावरच्या बोलीत ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय. पीक, पड आणि चराई यांना मिळून एकच शब्द, रान. माळढोकाचे घर नेमके हेच रान होते. तो गवतात अंडे घालतो, पडीत टोळ आणि भुंगेरे टिपतो, ज्वारी-भुईमुगाच्या शेतातही हिंडतो. त्याला कुंपणातले जंगल नको असते. आसपासची मोकळी नजर हवी असते. मादी साधारणपणे एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याला घर गमावणे परवडत नाही.

मग लेखी भाषा आली. जी जमीन सारा देत नाही ती निकामी, हा इंग्रजी अमदानीतल्या महसुलाचा हिशेब. त्यातून सातबाऱ्यावर ‘पडीक’ आणि ‘पोटखराबा’ हे शब्द पक्के झाले. स्वतंत्र भारताने उपग्रहांच्या साहाय्याने पडीक जमिनींचे नकाशे केले, तेव्हा खुरट्या झुडपांची आणि निकृष्ट ठरवलेल्या चराईची जमीन त्याच रकान्यांत गेली. पडीक म्हटले की तिचा ‘विकास’ करणे ओघाने आले. कधी झाडे लावून, कधी कालव्याचे पाणी नेऊन, कधी कारखान्याला देऊन. माळावर झाडे लावणे हे तर सर्वांना पुण्यकर्म वाटते. गवतावर जगणाऱ्या पक्ष्याला मात्र त्याने घर सोडावे लागते. ‘कुरण’ या शब्दाचे काय झाले तेही पाहावे. वर्तमानपत्रात ‘चराऊ कुरण’ येते ते भ्रष्टाचाराच्या बातमीत. खरे कुरण त्या पानावर सहसा येत नाही.

महसुली कारकुनाला दोष देऊन आपली सुटका होत नाही. त्याचा ‘पडीक’ आणि आपल्या कथा-कवितांतला ‘ओसाड माळ’ हे एकाच घरातले शब्द आहेत. माळ हा आपल्याकडे वैराण मनाचा, दारिद्र्याचा, एकाकीपणाचा देखावा झाला. निसर्ग म्हटला की लेखणी अरण्याकडे वळते. मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले आणि २०२५च्या जूनमध्ये त्यांनी देह ठेवला तोही सोलापुरातच. माळढोकाच्या या जिल्ह्याने मराठीला तिचा सर्वांत मोठा अरण्यलेखक दिला. वनखात्याच्या नोकरीने त्यांना नवेगाव, मेळघाटात नेले आणि त्यांनी मराठीला ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे शब्द दिले. हे ऋण मोठे आहे. पण माळाच्या वाट्याला त्या तोलाचा कोशकार आला नाही, ही उणीव त्यांच्या थोरवीमुळेच अधिक जाणवते.

तरीही आपल्याकडे माळाचे एक थोर पुस्तक आहे आणि ते आपण चुकीच्या फडताळात ठेवले आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. समीक्षेने तिला ग्रामीण म्हटले, प्रादेशिक म्हटले. याच लेखकाचे ‘नागझिरा’ मात्र निसर्गलेखन ठरले. जणू निसर्ग वनखात्याच्या नाक्यापलीकडे सुरू होतो! ‘बनगरवाडी’ एका नवख्या मास्तराची आणि धनगरांची गोष्ट आहे, हे खरे. पण तिचा कणा कोणता? पाऊस, गवत, मेंढरू आणि माणूस यांची साखळी. पाऊस हटला की गवत जाते, गवत गेले की मेंढरे जातात, आणि शेवटी वाडीच उठते. परिसंस्था हा शब्द मराठीत रुळण्याआधी माडगूळकरांनी ती कादंबरीत उभी केली. शेवटच्या दुष्काळात वाडी रिकामी होते ती एरवी भरलेली असते म्हणून. ओसाडपण ही तिथे माळाची प्रकृती नाही, माळावर आलेली आपत्ती आहे. हा फरक आपल्या समीक्षेने ठळक केला नाही.

यावर एक आक्षेप येईल: शब्दांनी पक्षी मरत नाहीत. मान्य. पण शब्द संमती तयार करतात. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झाले. त्याचा विस्तार सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होता. त्यात शेते, रस्ते, गावे, बाजारपेठा सगळे आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोक संतापले आणि पक्ष्याचे नाव शिवीसारखे उच्चारले जाऊ लागले. ही रेघ ओढणाऱ्याच्या मनातही प्रदेश ओसाडच होता. तिथे माणसे राहतात हे त्याने धरले नव्हते. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर उजनीच्या पाण्याने जिल्ह्याचे पीकच पालटले होते. उसाच्या फडात माळढोकाला काही काम नाही. नान्नजला आता एखादा पक्षी दिसला तर त्याची बातमी होते.

हीच गोष्ट राजस्थानात चालू आहे. जगातले उरलेले बहुतेक माळढोक तिथे आहेत आणि ते दीडशेच्या आत असल्याचे मानले जाते. या जड पक्ष्याला समोरच्या तारा वेळेवर दिसत नाहीत. एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रदेशातील वीजवाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४मध्ये तो सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. सौरऊर्जा हवीच आहे. पण तिच्यासाठी जागा शोधताना नजर पहिल्यांदा ‘रिकाम्या’ जमिनीकडे जाते, आणि ती रिकामी आहे हे आधीच ठरलेले असते.

जैसलमेरजवळच्या केंद्रात आता माळढोकाची पिले वाढवली जात आहेत. २०२४ साली कृत्रिम रेतनातूनही एक पिलू जन्मले. उद्या त्यांतली काही महाराष्ट्रात सोडावीत असे कुणी सुचवले, तर पहिला प्रश्न जागेचा येईल. त्याचे उत्तर वनखात्याकडे आहे तितकेच माळावर मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगराकडेही आहे, कारण गवत राखायचे आणि चारायचे गणित त्याला ठाऊक आहे. समीक्षकाच्या वाट्याला येणारे काम त्यामानाने सोपे. ‘बनगरवाडी’ निसर्गलेखनाच्या अभ्यासक्रमात लावावी, गवतांची नावे ती सांगणारी माणसे आहेत तोवर टिपून घ्यावीत, आणि पुढच्या वेळी ‘ओसाड माळ’ असे लिहिताना क्षणभर थांबून विचारावे: ओसाड, म्हणजे कुणावाचून?