ज्या तिकिटावर चंद्र नाही

लोहाऱ्यात ईदच्या शुभेच्छा आता बहुतेक मोबाइलवरच येतात. चंद्रकोर, मशीद, कंदील हे त्यात ठरलेलं. तुम्हीही असे दहा-बारा फोटो पुढे पाठवले असतील. म्हणूनच अमेरिकेच्या टपाल खात्याचं ईदचं तिकीट नीट बघा. 34 सेंटचं, 1 सप्टेंबर 2001 ला निघालेलं. निळ्या जमिनीवर सोनेरी अरबी अक्षरं, फक्त दोन शब्द: ईद मुबारक. चंद्र नाही, मशीद नाही.

अक्षरं मोहम्मद झकारिया यांची. जन्म कॅलिफोर्नियाचा, शैली 'सुलुस'. त्यांनी ती बोरूनं काळ्या शाईत लिहिली. रंग नंतर संगणकावर भरले. या कलेतली पारंपरिक शाई म्हणजे काजळी आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. नुसती काजळी पाण्यात टाकली तर तिचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. डिंक प्रत्येक कणाभोवती आवरण धरतो, म्हणून ते तरंगत राहतात. यालाच आम्ही कलिल म्हणतो. शिवाय कार्बन उन्हानं विटत नाही, म्हणून शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखितं आजही काळीभोर दिसतात.

तिकिटावर सणाची तारीखही नाही, आणि ते बरोबरच आहे. चंद्राचे बारा महिने म्हणजे साधारण 354 दिवस. आपलं पंचांग अधिक मास घालून ही तूट भरून काढतं; हिजरी कालगणना भरत नाही. त्यामुळे ईद दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येते. 2000 साली तर रमजान ईद दोनदा आली, जानेवारीत आणि डिसेंबरात. त्यात हे तिकीट रमजान ईद आणि बकरी ईद दोन्हींसाठी. मग तारीख घालणार तरी कोणती?

आता खटकतं ते. अरबी अक्षरांखाली इंग्रजीत लिहिलंय 'ईद ग्रीटिंग्ज'. 'मुबारक'मध्ये बरकत आहे, आशीर्वाद आहे. 'ग्रीटिंग्ज' म्हणजे नुसत्या शुभेच्छा. ज्याला अरबी वाचता येत नाही, त्याच्या वाट्याला हा कोरडा शब्दच येतो. 2016 मध्ये निघालेल्या अमेरिकी दिवाळी तिकिटावर पेटलेली पणती आहे. ती कुणालाही कळते. ईदचं तिकीट मात्र बघणाऱ्याकडून थोडे कष्ट मागतं.

ते कष्ट सगळ्यांनी घेतले नाहीत. तिकीट निघून दहा दिवस होतात न होतात तोच 11 सप्टेंबरचे हल्ले झाले. तिकीट मागे घ्या अशी मागणी झाली, पुढे बहिष्काराचे ईमेल फिरले. टपाल खात्यानं काय केलं? 2002 च्या ऑक्टोबरात तेच चित्र पुन्हा काढलं. बदलली ती फक्त किंमत, 37 सेंट. पुढे टपालाचे दर वाढत गेले तसा आकडा बदलत गेला, अक्षरं तीच राहिली. 2011 मध्ये जमीन लाल झाली, तरी शब्द तेच दोन.

माझ्या मते या तिकिटाचं मोठेपण सुबक वळणांइतकंच या न बदलण्यात आहे. शांततेच्या काळात सण तिकिटावर छापणं सोपं असतं. लोक रागावलेले असताना तेच पुन्हा छापणं अवघड. इंग्रजी ओळ कोरडी आहे, हे माझं म्हणणं कायम. पण वरचे दोन शब्द लोहाऱ्यात गळाभेट घेताना म्हणतात तेच आहेत, आणि ते समजायला अरबी यावी लागत नाही.